डोळे मिटून सोडलेले पक्षी

आमच्या घरात कुठलीही गोष्ट तोंडी होत नाही. लग्न होऊन हैदराबादेत, विद्यानगरातल्या या घरी आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात मला स्वयंपाकघरात एक फळी ठोकून हवी होती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबांना लिहून दे." मला वाटलं थट्टा करतोय. पण थट्टा नव्हती. माझे सासरे महसूल खात्यात होते, त्यांचे वडीलही आणि आजोबाही. तीन पिढ्या सरकारी कागद खाऊन जगलेलं हे घर. मी हसत हसत चार ओळी खरडल्या, वर "विषय : फळीबाबत" असं टाकलं. तिसऱ्या दिवशी तो कागद लाल शाईत "मंजूर" असा शेरा घेऊन परत आला आणि पाठोपाठ सुतारही आला. नंतर मला ती पद्धत आवडायलाच लागली, कारण लेखी मागितलेली गोष्ट मामंजी कधी विसरत नसत.

त्यामुळे तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाच्या वेळी मी नोकरी सोडतेय असं जाहीर केलं, तेव्हा मामंजींनी वर्तमानपत्रातून मान न काढता सांगितलं, "लेखी दे."

"ऑफिसात दिलंय, मामंजी. परवाच."

मग मात्र वर्तमानपत्र खाली आलं.

मी एका सरकारी कार्यालयात अधीक्षक होते. अठरा वर्षं सात महिने नोकरी झाली होती. वीस वर्षं भरली असती तर स्वेच्छानिवृत्ती मिळाली असती आणि सोबत जन्मभराचं निवृत्तिवेतन. मामंजी त्याला अजून जुन्या हैदराबादी रिवाजानं वजिफा म्हणतात. राजीनामा दिला की आधीची सगळी नोकरी पुसली जाते, हातात काही उरत नाही, हे नियम त्यांना क्रमांकासकट पाठ. नवरा खासगी कंपनीत, जिथं माणसं कधी घरी पाठवतील याचा नेम नाही. म्हणजे उद्या काही झालं तर घरात खात्रीचा असा एकच वजिफा, आणि तोही एक्याऐंशी वर्षांच्या मामंजींच्या श्वासावर चाललेला.

"एक वर्ष पाच महिने राहिलेत," मामंजी म्हणाले. हिशेब करायला त्यांना क्षणही लागला नाही. "आणि कशासाठी सोडतेस?"

"पालपिट्ट्यांसाठी."

"मग त्या पक्ष्यांना सांग, एक वर्ष पाच महिने थांबा म्हणावं."

"त्यांना सेवानियम लागू नाहीत, मामंजी."

ते उठून आत गेले. त्यांचा चहा कपात तसाच राहिला, आणि आमच्या घरात चहा टाकून उठणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं.

पालपिट्टा म्हणजे आपला नीलपंख. बसलेला असतो तेव्हा मळकट तपकिरी, विजेच्या तारेवर कंटाळलेल्या कारकुनासारखा. उडाला की पंखांत असा निळा रंग उघडतो की बघणारा बोलायचं विसरतो. आमच्या शहरात दसऱ्याला जम्मीची, म्हणजे शमीची, पूजा झाली की पालपिट्ट्याचं दर्शन घ्यायचं असतं. ते झालं तर वर्ष चांगलं जातं. पूर्वी लोक त्यासाठी गावाबाहेर शेतांकडे चालत जायचे. आता शेतंच राहिली नाहीत, म्हणून पक्षी दारात येतो. पिंजऱ्यात.

आमच्याकडे एक पक्षीवाला यायचा. मामंजींनी हे घर बांधलं तेव्हापासून, छत्तीस वर्षं. दुपारी गल्लीच्या तोंडाशी त्याची हाक ऐकू यायची, "पालपिट्टा चूडंडम्मा!" म्हणजे पालपिट्टा बघा हो, अम्मा. मामंजी नवं धोतर नेसून तयारच असायचे. इतर घरं नुसतं दर्शन घेऊन त्याच्या हातावर काहीतरी ठेवत. मामंजींचं तसं नव्हतं. ते पक्षी विकत घेऊन सोडून द्यायचे. पक्षीवाला पिंजरा उघडायचा, पक्षी हातात धरून वर उडवायचा, आणि मामंजी दोन्ही हात जोडून, डोळे मिटून स्तोत्र म्हणायचे. स्तोत्र संपवून डोळे उघडले की आभाळ मोकळं. मग ते घरात येऊन पंचांगाच्या शेवटच्या पानावर लिहायचे, "एक जीव मुक्त केला." पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुणाचा फुकटचा चहासुद्धा न घेतलेला हा माणूस. त्यांची आयुष्यातली फुशारकी म्हणाल तर तेवढी एकच.

सात वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मी जम्मीची पानं द्यायला मागच्या गल्लीत गेले होते. आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे बोगनवेल आहे. त्या बोगनवेलीत आमचा पक्षीवाला गुडघ्यावर बसून हात घालत होता. त्यानं नुकताच मुक्त झालेला जीव बाहेर काढला, खांद्यावरच्या पंच्यानं पुसला आणि परत पिंजऱ्यात ठेवला. मग पुढच्या दारात जाऊन हाक मारली. तिथं एक निवृत्त वकील राहतात. त्यांनीही तोच पक्षी सोडवला, त्यांनीही डोळे मिटले.

खरं सांगते, मला आधी हसू आलं. इतकं की मी भिंतीला टेकले. एक जन्माचा सरकारी मेंदू, एक जन्माचा कायदेशीर, आणि दोघं एकाच पक्ष्याला दोनदा मुक्त करून पुण्य लिहून ठेवतायत! मग मी जवळ गेले आणि पक्षी पाहिला. चोच उघडी, धाप लागलेली. पंखांची लांब पिसं कात्रीनं सरळ कापलेली, वर डिंक लावलेला. उडायचं म्हणजे त्याला दहा फूट फडफडत जाऊन पडता येत होतं, एवढंच.

मग मी काय करावं? तर मीही तो विकत घेतला. घरची रीत अंगात भिनलेली. पदराखाली लपवून बाथरूममध्ये ठेवला आणि त्याला दूधभात दिला. किडे खाणाऱ्या पक्ष्याला दूधभात! मी पदवीधर बाई, मला हे माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो मेला. मी बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि खूप रडले. मामंजींना काही कळू दिलं नाही. ते बाहेर पंचांग उघडून बसलेले असताना, तुमच्या पक्ष्यांचं असं होतं, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

पुढं एका गुरांच्या डॉक्टरांनी मला वनखात्याच्या पक्ष्यांच्या खोलीचा पत्ता दिला. अंबरपेठेच्या पलीकडे, एका रोपवाटिकेच्या कोपऱ्यात पत्र्याची एक लांबट खोली. दसऱ्याला पक्षीवाल्यांकडून जप्त केलेले पालपिट्टे तिथं आणतात. मी रविवारी जायला लागले, मग सुट्ट्यांना, मग आजारी पडून. माझ्या रजेच्या अर्जांत त्या चार वर्षांत इतके आजार झाले की वरिष्ठांनी एकदा काळजीनं पथ्याचा तक्ता दिला.

तिथं मी पिसं जोडायला शिकले. कापलेलं पीस पुन्हा वाढत नाही. ते गळून नवं यावं लागतं आणि त्याला वर्ष जातं. तोवर पक्षी पिंजऱ्यात झुरतो. म्हणून मेलेल्या पक्ष्यांची, गळालेली पिसं जपून ठेवायची. कापलेल्या पिसाची नळी पोकळ असते, तिच्यात बांबूची बारीक काडी बसवायची, काडीच्या दुसऱ्या टोकावर जपलेलं पीस चढवायचं आणि चिकटवायचं. डावं ते डावं, पाचवं ते पाचवं. एक चुकलं तर पक्षी तिरका उडतो.

काड्या आणायला मी बेगम बाजारात जायची. उदबत्तीच्या बिनमसाल्याच्या काड्या तिथं गठ्ठ्यानं मिळतात. दुकानदारानं पहिल्यांदा विचारलं, "अगरबत्ती का कारखाना डाल रे क्या, अम्मा?"

"नहीं. पालपिट्टे के पर जोड़ने."

त्यानं माझ्याकडे, मग शेजारच्या दुकानदाराकडे पाहिलं. "घर में सब खैरियत है ना, अम्मा?" त्यानं अगदी मायेनं विचारलं आणि मूठभर काड्या जास्त घातल्या.

मग तीन वर्षांपूर्वी खोली सांभाळणारे गृहस्थ निवृत्त झाले. वनखात्याच्या साहेबांनी सांगितलं की दिवसभर थांबणारं कुणी मिळालं तर ठीक, नाहीतर या दसऱ्यापासून खोलीला कुलूप. पक्षी मग कुठं जाणार, यावर त्यांनी नुसते खांदे उडवले. मी दीर्घ रजा मागितली, ती नामंजूर झाली. वरिष्ठांनाही माझे आजार एव्हाना कळले होते. म्हणून राजीनामा. तीन महिन्यांची नोटीस, आणि त्या तीन महिन्यांच्या आत तो मागे घ्यायची सोय.

ती सोय मामंजींनी दुसऱ्याच दिवशी हेरली. राजीनामा मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून काढलं, तीन प्रतींत. भाषा इतकी सुंदर की सही न करण्याची लाज वाटावी. रोज सकाळी ते माझ्या चहाशेजारी यायचं, पेनासकट. मी रोज चहा पिऊन पत्र परत त्यांच्या टेबलावर ठेवायची. नवरा म्हणाला, "मी यात काही बोलणार नाही," आणि तासभर बोलला. बोलण्याचा सारांश असा की त्याला भीती वाटतेय. मलाही वाटत होती, पण घरात कुणीतरी न घाबरल्यासारखं दिसायला हवं होतं.

दसरा आला. नोटिशीचे नऊ दिवस उरले होते. मी उरलीसुरली रजा टाकून त्या आठवड्यात विद्यानगर ते अंबरपेठ दारोदार फिरून सांगत होते, पिंजऱ्यातलं दर्शन घेऊ नका, पक्षी विकत घेऊन सोडू नका, तो गुन्हा आहे. लोक ऐकून घ्यायचे, पाणी द्यायचे. फक्त एक दार मी टाळलं होतं, आमचं. दुपारी हाक आली आणि मामंजी नवं धोतर नेसून पायऱ्या उतरायला लागले, तेव्हा मला स्वतःची शिसारी आली.

पक्षी वर उडाला. मामंजींनी हात जोडले, डोळे मिटले, स्तोत्र सुरू केलं. मी त्यांच्या कोपराला धरलं.

"मामंजी, डोळे उघडा."

"स्तोत्र संपू दे."

"आत्ता उघडा. माझं ऐका."

छत्तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. पक्षी फडफडत भिंतीवर आपटला आणि पलीकडे पडला. मी त्यांना हाताला धरून मागच्या गल्लीत नेलं. पक्षीवाला बोगनवेलीत वाकलेलाच होता. मामंजींना पाहून तो तसाच थिजला. पक्षी हातात, पंचा खांद्यावर.

"दरसाल?" मामंजींनी एवढंच विचारलं.

तो मान खाली घालून म्हणाला, "एं जेयाले, सारू?" काय करणार साहेब, असं. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. तोही आता म्हातारा झाला होता. इतकी वर्षं दोघं एकमेकांना दसऱ्याच्या शुभेच्छा देत आले होते.

मामंजींनी पक्षी घेतला आणि उपरण्यात गुंडाळला. घरी आल्यावर मी वाट पाहत होते, की आता ते माझ्यावर चिडतील, इतकी वर्षं का बोलली नाहीस म्हणून. ते चिडले नाहीत. पंचांग उघडून बसले, टोपण काढलं, आणि बराच वेळ काही लिहिलं नाही. सत्य सांगून मोठं काम केलं असं मला मुळीच वाटलं नाही. एका म्हाताऱ्या माणसाचा एकुलता एक अभिमान मी भर सणाला हिसकावून घेतला होता.

मग त्यांनी नवा कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत अर्ज तयार झाला, वनखात्याच्या साहेबांच्या नावे. "विषय : संरक्षित पक्ष्याच्या बेकायदेशीर खरेदीबाबत." खाली गुन्हेगार म्हणून स्वतःचं पूर्ण नाव, वय, पत्ता. मी सलग छत्तीस विजयादशम्यांना हा गुन्हा केला असून माझ्यावर नियमानुसार कारवाई व्हावी, ही विनंती. पक्षीवाल्याचा उल्लेख कुठं नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "विकत घेणारा नसता तर त्यानं पकडला कशाला असता?"

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासोबत खोलीवर आले आणि अर्ज साहेबांच्या हातात दिला. साहेब तरुण होते. त्यांनी तो दोनदा वाचला, मग मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हे कुठं फाइल करायचं?" मी म्हटलं, पोचपावती तेवढी द्या, नाहीतर हे रोज येतील. पोचपावती दिली. तरी ते रोज आले. कारण विचारलं तर म्हणाले, "मुद्देमालाची पाहणी."

मुद्देमाल म्हणजे तो पक्षी. पाहणी करता करता त्यांची नजर माझ्या पिसांच्या डब्यांवर गेली आणि त्यांना भोवळ यायचीच बाकी राहिली. बिस्किटांच्या डब्यांत सगळी पिसं सरमिसळ पडलेली. दोन दिवसांत त्यांनी प्रत्येक पीस जाड कागदावर टाचून, डावं-उजवं, क्रमांक, लांबी, अशी ओळीनं लावून टाकली. करंड्यातून बांगडी शोधावी तशी मी पूर्वी अर्धा तास शोधायची, आता हात घातला की पीस मिळायला लागलं. पण राजीनाम्याबद्दल ते एक अक्षर बोलत नव्हते. पत्र चहाशेजारी येणं थांबलं होतं, आणि त्यानं मी जास्तच अस्वस्थ झाले होते.

नोटिशीचा शेवटचा दिवस उजाडला. माझं कार्यालय पाचला बंद होणार होतं. सकाळी त्याच गुरांच्या डॉक्टरांनी पक्षी तपासून एक पंख त्यांच्या देखरेखीखाली माझ्याकडून करून घेतला, आणि दुसरा दुपारी कर म्हणून ते गेले. आम्ही दोघंच होतो. मामंजींच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला पक्षी, तोंडावर पातळ कापड. त्यांनी तो दोन्ही हातांत धरलेला आणि मी समोर बसून पंख पसरलेला. तीन पिसं राहिली असताना ते म्हणाले, "माझ्या वरच्या खिशातला कागद काढ."

मी काढला. राजीनामा मागे घेण्याचं पत्र. तीन प्रती, घडी घालून.

"चार वाजून तेहतीस मिनिटं झालीत," ते म्हणाले. "रिक्षानं वीस मिनिटं. पोचशील."

मला उठायचं होतं. इथं खोटं कशाला बोलू? उरलेली तीन पिसं उद्याही जोडता आली असती. पक्षी मरत नव्हता, कुणी मला अडवलेलं नव्हतं. सही करायची आणि जायचं, एवढंच होतं. एक वर्ष पाच महिने खुर्चीत बसायचं आणि मग जन्मभराची ददात मिटायची. पण खोलीला कुलूप लागलं असतं, मागच्या पिंजऱ्यांत अजून सतरा पक्षी होते, आणि पिसं जोडणारं दुसरं कुणी नव्हतं.

"तुम्ही सांगा, मामंजी. मी करू ना सही?"

"मी सांगितलं तर तू ऐकशील," ते म्हणाले. "म्हणून सांगत नाही."

भिंतीवरचं घड्याळ मोठ्यानं चालत होतं. मी कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर डिंकाची बाटली ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मग सातव्या पिसाची काडी तासायला घेतली. सातवं बसलं. आठवं बसलं. मी घड्याळाकडे बघायचं टाळत होते, ते मात्र सारखे बघत होते.

"पाच वाजले," मामंजी म्हणाले.

मी शेवटचं पीस नळीत सरकवून चिमटीत धरून ठेवलं होतं. ते सुकेपर्यंत हलवून चालत नाही.

"मी गेलो की माझा वजिफा बंद होतो, सूनबाई," ते एकदम म्हणाले. "एक्याऐंशी झाली. रोज सकाळी ते पत्र ठेवायचो ना, ते त्यापायी. माझ्यामागं तुम्ही काय खाल, दुसरी काळजीच नव्हती मला."

मला वाटत होतं त्यांना नियम मोडल्याचा राग आहे. तीन महिने मी तसंच समजून चालले होते.

"मग जगा ना अजून वीस वर्षं," मी म्हटलं. "इथं पिसांचं बघायला कुणीतरी लागणारच आहे."

"बघतो," ते म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. ते गालावरून हनुवटीवर आलं आणि तिथं थांबलं. त्यांचे दोन्ही हात पक्ष्याभोवती होते, माझी बोटं पिसावर चिकटल्यासारखी घट्ट, आणि ते पुसायला आमच्या दोघांपैकी कुणाचाच हात मोकळा नव्हता.